आठ वाघिणी आणि चौदा दिवसांचं वेळापत्रक

लेआउटच्या, म्हणजे घरातल्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीच्या, कामांची माझी यादी पूर्वी बांधकामाच्या क्रमाने असायची. आधी लाकडी सांगाडा, मग रूळ, मग वायरिंग, मग खडी, आणि सगळ्यात शेवटी इमारती, झाडंझुडपं. केमोथेरपी सुरू झाली आणि ही यादी निरुपयोगी ठरली. कुठलं काम आधी करायचं याला महत्त्व उरलं नाही. कुठल्या कामाला शरीरातलं काय लागतं, एवढंच बघायचं. याला बोटं लागतात, त्याला नाक लागतं, अमक्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी लागतात, तमक्याला डोकं. आज यातलं काय शिल्लक आहे ते पाहायचं आणि त्याप्रमाणे खोका उघडायचा. उपचार चालू असताना माझी मॉडेल रेल्वे या हिशेबावर चालली.

आजाराबद्दल थोडक्यात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज, म्हणजे गाठीजवळच्या काही लिम्फ नोड्सपर्यंत पेशी पोचलेल्या. आधी ऑपरेशन, मग फॉलफॉक्स नावाची केमो: ऑक्झॅलिप्लॅटिन, ल्यूकोव्होरिन आणि फ्लुरोयुरॅसिल ही तीन औषधं दर १४ दिवसांनी. पूर्ण कोर्स १२ सायकलींचा, म्हणजे काही अडलं नाही तर साधारण सहा महिने. अडतं हे नंतर कळलं.

माझा मूळ लेआउट एचओ स्केलचा, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इंग्रजी यू आकाराचा आणि आत शिरायला फळीखालून वाकून जावं लागेल असा. तरुणपणी आखलेल्या लेआउटमध्ये असल्या गोष्टी असतात. पुढे आपल्याला पाठ आणि पोट असणार आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर काही आठवडे वाकणं बंद, वजन उचलणं बंद. हिने लेआउटवर चादर टाकली. वाईट वाटण्यापेक्षा सुटल्यासारखं झालं, कारण उघडा लेआउट मला दिवसभर अपुऱ्या कामांची आठवण करून देत होता.

पण काहीतरी चालवायला हवं होतं. पलंगाशेजारी मावेल, खुर्चीत बसून चालवता येईल आणि जमेल तेव्हा पाच मिनिटांत थांबवता येईल असं. त्यासाठी ॲलन राइट या इंग्लिश छांदिष्टाने केव्हाच उत्तर काढून ठेवलंय: इंगलनूक साइडिंग्ज. दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, आणि तीन साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. एका साइडिंगमध्ये पाच वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. इंजिन ज्या रुळावर मागेपुढे करतं तिथे इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात. एकूण आठ वाघिणी. आठ चिठ्ठ्या करायच्या, त्यातल्या पाच उचलायच्या, आणि ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी लांब साइडिंगमध्ये उभी करायची. एवढाच खेळ. आठांतून पाच क्रमाने निवडायच्या म्हणजे ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. दीड मीटरच्या फळीवर सहा हजार गाड्या, आणि एकही गाडी कुठेही जात नाही! तेव्हाच्या माझ्या परिस्थितीला हे चपखल होतं.

शंटिंगचं, म्हणजे डबे असे मागेपुढे करून जुळवण्याचं, आणखी एक प्रसिद्ध कोडं आहे, जॉन ॲलन या अमेरिकन मॉडेलकाराचं ‘टाइमसेव्हर’, १९७२ सालचं. ते घड्याळ लावून खेळतात, कोण लवकर सोडवतो ते बघतात. मी ते मुद्दाम टाळलं. आयुष्यात आधीच पुष्कळ घड्याळं लागली होती.

फळी केमो सुरू व्हायच्या आधी बनवून घेतली. कापाकापी मुलीने केली, रूळ मी बसवले. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं की हा छंद चालू ठेवला तर चालेल का. ते म्हणाले, “चालेल. पण काय काय वापरता ते लिहून आणा.” मी दोन पानं भरून नेली. सोल्डर, फ्लक्स, सुपरग्लू, इनॅमल रंग, टर्पेंटाइन, प्लास्टर, वाळलेलं गवत, बागेतली चाळलेली माती, ब्लेड. त्यांनी पेन काढून एकेका गोष्टीसमोर खूण केली, आणि मला वाटतं सगळ्या उपचारात सर्वांत उपयोगी कागद तोच होता. ज्यांना हाताने काही करायचा छंद आहे अशा प्रत्येकाने असा कागद करून न्यावा. ‘छंद चालू ठेवा’ असं कुणीही म्हणतं. त्या छंदात वाळलेली बुरशी आणि शिशाची तार असते हे त्यांना कुठून माहीत असणार?

आता ते चौदा दिवस.

पहिल्या दिवशी डे केअरमध्ये सलाइनवाटे औषधं. घरी येताना कमरेला एक बाटली. तिच्यात फुगा असतो, फुगा आक्रसतो तसं औषध नळीतून गळपट्टीच्या हाडाखालच्या पोर्टमध्ये, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीत, जातं, ४६ तास. बॅटरी नाही, मोटर नाही, आवाज नाही. यंत्र म्हणून मला ते फार आवडलं होतं, हे सांगितलं तर लोक विचित्र नजरेने बघतात. पण कमरेला ती नळी लटकत असताना सोल्डरिंग आयर्न गरम करायचं नाही, हा पहिला नियम. आयर्नचं टोक साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास असतं आणि नळीत जे असतं ते अंगावर, टेबलावर सांडू द्यायचं नसतं. ब्लेड आणि ड्रिलही त्या दोन दिवसांत खणात बंद.

त्याच दोन दिवसांत झोप मात्र येत नाही. उलटी होऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड. रात्री दोन वाजता डोकं लखलखीत, हातात नको तितका उत्साह. कपाटं आवरावीत, जुनी पत्रं लिहून काढावीत, सगळ्या इंजिनांना तेल घालावं असं वाटतं. त्या वेळी मी फक्त शंटिंग करायचो. चिठ्ठ्या काढायच्या, गाडी जुळवायची, पुन्हा चिठ्ठ्या. हिची झोपमोड होऊ नये म्हणून फळीखाली जाड फोम घातला होता, तरी डबे एकमेकांवर आपटल्याचा टक् आवाज यायचाच. पलीकडच्या खोलीतून एकदा आवाज आला, “अहो, मालगाडी वेळेवर आहे का?” मी म्हटलं, “आहे.” “मग आता फलाटावरच्या माणसाला झोपू दे.”

एक अडचण अशी होती जी मला कुणी नीट समजावली नव्हती, किंवा समजावली असेल तर ती मला कळली नव्हती. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. फ्रिज उघडू नका, गार पाणी पिऊ नका, हे सगळे सांगतात. पण साध्या खोलीतला धातू हासुद्धा बोटांना थंडच लागतो, आणि माझ्या छंदात धातूशिवाय आहे काय? रूळ निकेल सिल्व्हरचे (त्यात चांदी नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं), चिमटे स्टीलचे, इंजिनाची चौकट ओतीव जस्ताच्या मिश्रधातूची. केमोच्या दुसऱ्या दिवशी मी इंजिन उचललं आणि बोटांतून असं काही सणकलं की क्षणभर वाटलं रुळांचा करंट लागतोय. रुळांवर असतो बारा-पंधरा व्होल्टचा दाब, तो बोटाला कळतही नाही. करंट नव्हताच. माझ्याच नसांचा तो खेळ होता.

उपाय साधे निघाले. चिमटा प्लास्टिकचा घेतला. बाकीच्या हत्यारांच्या मुठींवर वायरिंगची आक्रसणारी नळी चढवली. इंजिन उचलायचंच नाही असं ठरवलं; ते कायम रुळांवर, हवा तेवढा वेग कंट्रोलरवरून. कंट्रोलरची इवलीशी घुंडी बोटांना कळेना तेव्हा तिच्यावर मोठी गोल लाकडी घुंडी बसवली. आणि कपलिंग, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे जोड, सगळी बदलली. आकडी आणि साखळीची कपलिंग दिसायला खऱ्यासारखी असतात, पण ती सोडवायला शाबूत बोटं लागतात. त्याऐवजी चुंबकावर सुटणारी घातली: रुळांमध्ये चुंबक, त्याच्यावर डबे आणून थोडं मागे सरकवायचं, ताण सैल झाला की जोड आपोआप उघडतो. शुद्ध मॉडेलकार नाक मुरडतील. मुरडोत.

नाकावरून आठवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी स्टेरॉइड उतरतं आणि माणूस मऊ पडतो. तेव्हा वासांचा त्रास सर्वांत जास्त. सुपरग्लूची वाफ, इनॅमल रंग, टर्पेंटाइन यांच्या नुसत्या आठवणीनेही पोटात ढवळायचं. म्हणून रंग सगळे पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिकचे केले, आणि सुपरग्लू घराबाहेर काढला. डे केअरमधल्या एका सिस्टरने आधीच बजावलं होतं, “केमोच्या दिवशी तुमच्या आवडीचं काही खाऊ नका, नंतर त्याचीच शिसारी बसते.” शरीर मळमळ आणि वास यांची गाठ मारून ठेवतं, आणि ती गाठ सहज सुटत नाही. मी तो सल्ला गाड्यांनाही लावला. सलाइन चालू असताना मॉडेलचं एकही काम सोबत नेलं नाही, मासिकही नाही. नेलं काय, तर कोरा कागद आणि पेन्सिल, लेआउटचे नकाशे काढायला. त्याची किंमत एवढीच मोजावी लागली की खोडरबराचा वास अजून मला सहन होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात तब्येत सुधारल्यासारखी वाटते, आणि नेमकं तेव्हाच काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, खाली गेलेले असतात. ही या उपचारातली मोठी फसवणूक. अंगात थोडं बळ आलेलं, नाक शांत, बोटं जरा ठीक; मग मनात येतं की चला, आता डोंगर उभारू. पण डोंगर म्हणजे प्लास्टरची धूळ, आणि झाडीझुडपं म्हणजे वाळलेलं गवत आणि माती. मातीत, कुजक्या पानांत, जुन्या दमट पुठ्ठ्याच्या खोक्यांत ॲस्परजिलस नावाची बुरशी असते. धडधाकट माणूस तिचे कण रोज श्वासातून आत घेतो आणि काही होत नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी पहिली मारामारी करणाऱ्या पांढऱ्या पेशी, फार कमी असतील तर होऊ शकतं. एका मायक्रोलिटर रक्तात त्यांची संख्या १,५०० च्या खाली गेली की कमी म्हणतात आणि ५०० च्या खाली गेली की डॉक्टर गंभीर होतात. माळ्यावरची जुनी खोकी, चाळलेली माती, गोळा केलेल्या काटक्या यांच्यावर डॉक्टरांनी फुलीच मारली होती. पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंदही बाटलीत आठवडाभर राहिला की त्यावर बुरशी धरते, हे मॉडेलवाल्यांना माहीत असतं. तो मी लागेल तेवढाच, त्या त्या वेळी कालवायचो.

प्लेटलेट्सही याच सुमाराला घसरतात. धडधाकट माणसाच्या तेवढ्याच रक्तात दीड ते साडेचार लाख असतात. त्या कमी असताना बोट कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना ती जखम चिघळायला वेळ लागत नाही. त्यामुळे ब्लेडच्या खणाला मुलीने कुलूपच लावलं. किल्ली रिपोर्ट बघून मिळायची. थर्मामीटर मात्र कुलपात नव्हता, तो कंट्रोलरशेजारी. ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, झालं की वाट बघायची नाही, गोळी घेऊन ताप दाबायचा नाही, थेट हॉस्पिटलला फोन. एका रात्री तसं झालं आणि गाडी अर्धवट जुळवलेली सोडून निघालो. परत आलो तेव्हा वाघिणी होत्या तिथेच होत्या, पण चिठ्ठ्या हिने आवरून ठेवल्या होत्या. कुठली गाडी जुळवत होतो ते कायमचं गुलदस्त्यात राहिलं.

मग या दिवसांत काय करायचं? खडी पसरणं. हे काम मला पूर्वी कंटाळवाणं वाटायचं. स्लीपरांच्या मधोमध बारीक खडी ओतायची, मऊ ब्रशने सारखी करायची, साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याने भिजवायची, मग ड्रॉपरने अर्धा गोंद अर्धं पाणी सोडायचं. पाकिटातली धुतलेली खडी, धूळ नाही, वास नाही, धार नाही. ताकद लागत नाही. दहा सेंटिमीटर झाले की आडवं व्हायचं. केमोतला थकवा झोपेने जात नाही, पण त्याला लहान लहान कामं चालतात. दीड मीटरच्या फळीची खडी इतक्या सावकाश आजवर कुणी भरली नसेल.

बाराव्या-तेराव्या दिवशी सगळं एकदम थोडं थोडं परत यायचं. मग वायरिंग, सोल्डरिंग, खिडकी उघडून आणि पंखा लावून. आणि चौदाव्या दिवशी रक्त तपासून पुन्हा पहिला दिवस. काउंट पुरेसे नसले तर सायकल आठवडाभर पुढे. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला भयंकर राग आला. आयुष्यभर वेळापत्रकावर प्रेम केलेल्या माणसाला गाडी लेट झाल्याचं सांगताय! मुलगी म्हणाली, “बाबा, म्हणजे आणखी सात दिवस वास येणार नाहीत.” तिचं गणित बरोबर होतं. त्या आठवड्यात मी दोन्ही सांध्यांचं वायरिंग पूर्ण केलं.

डोक्याचं वेगळंच. गाड्या डिजिटल आहेत, प्रत्येक इंजिनात कंट्रोलरचे हुकूम ओळखणारा डिकोडर, त्याला स्वतःचा पत्ता आणि डझनावारी सीव्ही, म्हणजे आकड्यांत लिहिलेल्या सेटिंग्ज. सीव्ही २९ मध्ये दिशा, वेगाच्या पायऱ्या, लांब पत्ता अशा चार-पाच गोष्टींच्या किमती बेरजेने भरतात. हे मी तोंडी करायचो. केमोच्या मधल्या काळात बेरीज चुकत नव्हती, पण बेरीज कशासाठी करतोय ते हातातून निसटायचं. शेवटी प्रत्येक इंजिनासाठी एक कार्ड केलं, आकडे लिहिले आणि विषय बंद. आता डोकं बरं आहे, तरी कार्डं तशीच ठेवली आहेत. ती आधीच करायला हवी होती असं म्हणणार नाही; आधी गरज नव्हती.

आता या सगळ्यात छंदाचा उपचारासाठी खरा उपयोग कुठे झाला ते सांगतो. लोक म्हणायचे, “बरं आहे, मन रमतं.” मन फारसं रमायचं नाही. स्कॅनच्या आदल्या रात्री सहा हजारांपैकी एकही गाडी मला रमवू शकली नाही. उपयोग झाला तो बोटांच्या बाबतीत.

ऑक्झॅलिप्लॅटिनचा थंडीचा त्रास दर वेळी काही दिवसांत जातो, पण औषध अंगात साठत जाईल तसा दुसरा त्रास सुरू होतो: बोटांच्या टोकांना आणि तळव्यांना बधिरपणा, जो पुढच्या सायकलपर्यंतही जात नाही. डॉक्टर दर वेळी विचारायचे, “शर्टाची बटणं लावता येतात का?” येत होती. म्हणजे सगळं ठीक असंच कागदावर जाणार. पण मला फळीवर वेगळं दिसत होतं. दोन रूळ जोडणारी धातूची बारीक पट्टी असते, ती रुळाच्या तळाशी सरकवायची असते. हे काम मी तीस वर्षं न बघता करत आलोय. आता बघितल्याशिवाय ती रुळात गेली की बोटात रुतली हे कळत नव्हतं. कपलिंगची केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात आहे की पडली, तेही नाही. आणि मुख्य म्हणजे हे तेराव्या दिवशी, चांगल्या दिवशी.

ते मी तसंच सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं आणि विचारलं, “मागच्या सायकलच्या आधी जमत होतं?” जमत होतं, आणि त्याच्या आधी आणखी सहज. ते म्हणाले, बटणं ही ढोबळ चाचणी आहे. घड्याळजी, शिवणकाम करणारे, वाद्य वाजवणारे यांचं लवकर कळतं. दोन सायकलींच्या मधल्या काळातही राहणारा आणि कामात अडथळा आणणारा बधिरपणा म्हणजे डोस बदलायची वेळ. त्यांनी ऑक्झॅलिप्लॅटिन आधी कमी केलं आणि शेवटच्या काही सायकलींत पूर्ण थांबवलं. बाकीची दोन औषधं चालू ठेवली. मला भीती वाटली की औषध कमी म्हणजे उपचार कमी. त्यांनी शांतपणे समजावलं की नसा कायमच्या गेल्या तर त्या परत आणता येत नाहीत, आणि हे औषध मध्ये थांबवणं हे काही मैदान सोडणं नव्हे, तसं नेहमी करावं लागतं. ज्यांचं काम किंवा छंद बोटांचा आहे त्यांनी ‘बटणं लागतात’ एवढ्यावर समाधान मानू नये, आपल्या कामातलं सर्वांत बारीक उदाहरण डॉक्टरांना सांगावं, एवढं मी आता भेटेल त्याला सांगतो.

छंदातला एक जुना मित्र दर आठवड्याला फोन करायचा. तब्येत कशी आहे हे त्याने कधीच विचारलं नाही. “आजची गाडी किती चालींत जुळली?” एवढंच. मग मी कमी चाली सांगायचो, तो म्हणायचा खोटं बोलतोस, आणि त्याच्या फळीवर तोच क्रम मांडून तो स्वतः करून बघायचा. बाकी लोक भेटायला येत, फळीकडे बघत आणि माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत. एका गृहस्थांनी तर “खेळणी मस्त आहेत” म्हटलं. मी त्यांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या आणि गाडी जुळवायला बसवलं. तासाभराने त्यांच्या सौभाग्यवतींनी त्यांना उठवून नेलं.

केमो संपल्यावर बोटं सुधारतील या आशेवर होतो. झालं उलटं: पहिले दोन-तीन महिने बधिरपणा वाढला. हे या औषधाचं नेहमीचंच आहे, थांबवल्यावरही काही काळ चढतं आणि मग हळूहळू उतरतं, असं आधी सांगितलेलं असल्यामुळे घाबरलो नाही, फक्त वैतागलो. आता उजव्या हाताची तीन बोटं बरीच परत आली आहेत. पाय अजून नाहीत. कॅन्सर परत आलाय का यावर लक्ष ठेवणारी रक्तातली सीईए ही चाचणी ठरावीक अंतराने चालू आहे, स्कॅनही.

मोठ्या लेआउटवरची चादर काढली. वाकून आत शिरायची जागा करवतीने कापून टाकली, म्हणजे यू आकाराचा एल आकार झाला. एका बाजूचा सगळा डोंगर गेला. हिने विचारलं, वाईट नाही का वाटत? डोंगर माझा कधीच चांगला झाला नव्हता, त्यामुळे नाही. मोकळ्या झालेल्या टोकाला दीड मीटरची फळी जोडली. आता तेच गुड्स यार्ड. आठाच्या जागी पंधरा वाघिणी झाल्या आहेत आणि चिठ्ठ्यांची डबी मोठी घ्यावी लागली.

सध्या अडलंय ते दुसऱ्या सांध्यावर. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो फ्रॉग प्लास्टिकचा आहे, तिथे वीज नाही, आणि छोट्या चाकांचं शंटिंगचं इंजिन नेमकं त्यावर येऊन मरतं. फ्रॉग धातूचा बसवून त्याला स्विचमधून वायर द्यायला हवी. ती वायर सुईएवढ्या जागेत सोल्डर करायची आहे आणि माझी बोटं अजून त्या कामाची नाहीत. मुलगी म्हणते मी करते, तुम्ही फक्त टॉर्च धरा. परवा तिने आयर्न गरम केलं, मी टॉर्च धरला, आणि मिनिटभरात ती म्हणाली, “बाबा, टॉर्च फ्रॉगवर धरा, माझ्या हातावर नको.” रविवारी पुन्हा बसतोय.